दोन डोक्यांचा कॉम्प्युटर

माझा राग कॉम्प्युटरवर आहे, असं घरात सगळ्यांना वाटायचं. कॉम्प्युटरवर होताच, नाही असं नाही. पण निर्जीव वस्तूवर माणूस किती वर्षं रागावणार?

जव्हारला आमचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. दुकानांची नावं, जीपच्या मागचे शेर, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं अब्बांच्या हातचं. मग नाशिकहून फ्लेक्स यायला लागले आणि बारशापासून बाराव्यापर्यंत लोकांना फ्लेक्सच हवा झाला. अब्बांचे ब्रश डब्यात वाळून काड्यांसारखे झाले. मी तेव्हा नाशिकला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून डीटीपीचा कोर्स केला होता. परत आले आणि म्हटलं, डिझाइन मी इथेच करते, छपाई फक्त नाशिकला करू. सीडी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, दुसऱ्या दिवशी फ्लेक्सची पुंगळी त्याच गाडीनं येईल.

अब्बा लगेच तयार झाले. पण आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा नव्हता, बडे अब्बांचा होता, म्हणजे अब्बांच्या थोरल्या भावाचा. त्यांच्याकडे माझ्यासाठी एक स्थळ आलेलं होतं. अब्बांनी हातापाया पडून मुदत मागून घेतली. पुढच्या ईदपर्यंत दुकान नीट चाललं तर मी पुढेही कॉम्प्युटरवर बसायचं, लग्नाचं नंतर बघू. नाही चाललं तर गुपचूप बोहल्यावर. अम्मी म्हणाली, "इतकं तरी मिळालं." आमच्याकडे मुलीला इतकंच मिळतं आणि त्यालाही लाड म्हणतात.

कॉम्प्युटर आणायला मी आणि अब्बा नाशिकला गेलो. दुकानदार म्हणाला, "नवीन आलाय, ड्युअल कोर. यात दोन डोकी आहेत. एक काम करतं, एक मदत करतं." अब्बा हरखून गेले. जव्हारला आल्यावर चहाच्या टपरीपासून मशिदीच्या पायरीपर्यंत ज्याला त्याला सांगत सुटले, "दो दिमाग हैं इसमें, दो!"

पहिले काही महिने बरे गेले. अब्बा माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायचे आणि पडद्यावरचा रंग बघून सांगायचे, हा लाल जरा करपलाय, यात थोडा पिवळा टाक. खरं सांगते, त्या दिवसांइतकी मी नंतर कधी सुखी झाले नाही.

पण फ्लेक्समध्ये लोकांना काय हवं असतं ते तुम्हाला माहीत आहे. चेहरे. घरातला एक जरी चेहरा राहिला तर वर्षभर बोलणं बंद. शिवाय प्रत्येक चेहऱ्यामागे पिवळी प्रभा हवी, देवाच्या फोटोत असते तशी. ती प्रभा टाकली की सॉफ्टवेअरची बोबडी वळायची. एक चेहरा नखभर सरकवला की वाळूचं घड्याळ फिरायला लागायचं, आणि पडद्यावर सगळं चित्र वरून खाली सावकाश पुन्हा उमटायचं. गिऱ्हाईक कंटाळून भाजी घेऊन यायचं तरी उमटतच असायचं.

एकदा मी मशीन किती काम करतंय ते दाखवणारी खिडकी उघडली. त्यात दोन चौकोन होते, दोन डोक्यांचे. एकातली हिरवी रेघ छताला टेकलेली. दुसऱ्यातली तळाशी आडवी, जशी दुपारची झोपलेली म्हैस. माझा विश्वास बसेना. नाशिकच्या क्लासमधल्या सरांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "अगं, हे सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा मशीनला एकच डोकं असायचं. त्याला दुसरं वापरता येत नाही."

"मग आम्हाला दोन कशाला विकली?"

"विकणारे वेगळे, लिहिणारे वेगळे," सर म्हणाले.

मी फोटो लहान करून पाहिले, प्रभा फिकी करून पाहिली, मशीनमधलं बाकी सगळं काढून टाकलं. थोडा फरक पडायचा. तेवढ्यात पुढचं गिऱ्हाईक आणखी चेहरे घेऊन यायचं.

आणि मग बोहाड्याचं काम आलं. खोडाळ्याकडच्या एका गावाचं. बोहाडा म्हणजे देवांचे मुखवटे चढवून रात्रभर नाचायचं, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. त्यांना मांडवापुढे लावायला मोठा फ्लेक्स हवा होता. प्रत्येक मुखवटा आणि त्याच्याखाली तो नाचवणाऱ्या माणसाचा फोटो, सोंगं निघतात त्याच क्रमानं. काम मोठं होतं. तोंडावर ईद होती. बडे अब्बा त्या दिवशी मुद्दाम दुकानात येऊन बसले.

त्या गावची रीत अशी की एकट्यानं काही ठरवायचं नाही. मुखवटेवाले सगळे जीप भरून आले, ओट्यावर, पायरीवर, जागा मिळेल तिथे बसले. पडद्यावर सगळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार नाही. गणपती पुढे, जगदंबा शेवटी, यावर वाद नव्हता. वाद मधल्यांचा. एक म्हातारा म्हणाला, माझं सोंग याच्या आधी निघतं. दुसरा म्हणाला, तुझ्या बापाच्या वेळेपासून नंतर निघतं. ते भांडायचे नाहीत, शांतपणे बोलून ठरवायचे. ठरलं की मी एक मुखवटा सरकवायची, मग वाळूचं घड्याळ. तोवर त्यांचं दुसरं काही ठरायचं.

"बाय, झाला का?" एकजण दर वेळी विचारायचा.

"होतंय काका."

"आमचे गावाचा बोहाडा उरकल, तुझा काय उरकत नाय."

सगळे हसले. मीही हसले. बडे अब्बा हसले नाहीत.

दुपार कलली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. नाशिकच्या गाडीला अजून वेळ होता. मी सेव्ह केलं. इतकी जड फाइल सेव्ह व्हायलाच दोन चहा पिऊन व्हायचे, म्हणून दिवसभरात ते दोनदाच केलं होतं. निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती. पण आमच्याकडे लाइटला वेळ विचारायची पद्धत नाही. यूपीएस कोकलायला लागला. त्याच्यात एका चहापुरता दम होता. मी पट्टीकडे बघत होते, अब्बा माझ्याकडे. पट्टी पाऊण भरली आणि पडदा काळा झाला.

लाइट आल्यावर फाइल उघडेना. नवी फाइल जुनीवरच लिहिली जात होती, त्यामुळे जुनीही गेली. तोवर नाशिकची गाडी सुटून गेली होती आणि दुसऱ्याच दिवशी बोहाडा होता.

मी बडे अब्बांना सगळं समजावून सांगितलं. ते दोन चौकोन दाखवले. एक डोकं मरेस्तोवर राबतं, दुसरं नुसतं बसून असतं, यात माझा दोष नाही. ते ऐकून घेतल्यासारखं करत होते. मग म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." खोडाळ्याच्या मंडळींपैकी कोणीतरी समजूत काढावी तसं म्हणालं, "जाऊं द्या, बाईचा काम हाय, व्हायचाच." आणि कोणीही रागावलं नाही. मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. रागावले असते तर निदान माझं काम काम होतं असं झालं असतं.

 अब्बा तेव्हा बोलले असते तर, असं मी पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं आहे. रोज माझ्या शेजारी स्टुलावर बसून ते वाळूचं घड्याळ त्यांनी माझ्याइतकंच पाहिलं होतं.

ईदनंतर माझा थोरला भाऊ, भाईजान, भिवंडीच्या पॉवरलूमवरचं काम सोडून घरी आला आणि माझ्या खुर्चीवर बसला. त्याला काही येत नव्हतं. कुठलं बटण काय करतं ते मीच शिकवलं. वाळूचं घड्याळ त्याच्याही पुढे फिरायचं. पण आता गिऱ्हाईक म्हणायचं, "भाईची मशीन जुनी झाली वाटतं." बडे अब्बा म्हणाले, पोरगा तरी काय करणार, मशीनच खराब आहे. आणि वर्षाच्या आत त्याला नवीन कॉम्प्युटर आणून दिला. त्याला चार डोकी होती. मी एकदा तीच खिडकी उघडून पाहिली. सॉफ्टवेअर तेच होतं. एक राबत होतं, तिघं झोपली होती. भाईजानला दाखवलं तर म्हणाला, "तू नको त्या खिडक्या उघडतेस."

मग बडे अब्बांनी आणलेल्या स्थळाचे लोक वाडा गावाहून मला बघायला आले. शेवया झाल्या, चहा झाला. त्यांच्यातल्या एका बाईनं सहज विचारलं, "लड़की कुछ काम-वाम करती है?"

मी दाराआड ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, आता अब्बा सांगतील. अब्बा म्हणाले, "नहीं नहीं, घर पे ही रहती है."

त्या दिवशी सकाळी भाईजानला न जमलेला एक फ्लेक्स मी पुरा करून दिला होता. त्याची सीडी कंडक्टरच्या हातात द्यायला अब्बाच डेपोवर गेले होते.