डिरेक्टरीतलं आडनाव

"मावशी, आई सकाळी गेली," मिलिंद फोनवर एवढंच बोलला. त्याला आता महिना उलटून गेला.

सुमन, म्हणजे त्याची आई, आणि मी अमरावतीच्या एकाच शाळेत शिकवायचो. ती नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा मिलिंद बालवाडीत होता. वडिलांनी त्याला अकोल्याला नेलं आणि मायलेकरांची भेट हळूहळू बंदच केली. पुढे सुमनने घरी फोन घेतला. तेव्हा टेलिफोन डिरेक्टरीत नाव, पत्ता, नंबर सगळंच छापून यायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सुमनने मात्र नवऱ्याचंच आडनाव छापायला दिलं. मी चिडले. ती म्हणाली, "मिलिंदले तेच आडनाव माहीत हाये. मोठा झाल्यावर मले कुठं शोधीन तो?"

डिरेक्टरी घरोघरी गेली आणि एकट्या बाईचा पत्ता नको त्यांच्याही हाती लागला. घाणेरडे फोन यायला लागले. एक माणूस तर दारापर्यंत आला. नाव काढून टाक, म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या, पण तिने ऐकलं नाही. घाणेरडं बोलणाऱ्याचा फोन ती आपटायची. पलीकडून कुणी बोलतच नसलं, तर मात्र रिसीव्हर कानाशी धरून बसायची. "बोला, मी ऐकून राहिली," हळूच म्हणायची.

मिलिंद कॉलेजात गेला त्या वर्षी असाच एक मुका फोन आला. मी तिथेच होते. बऱ्याच वेळाने ती एकदम उठून उभी राहिली. पलीकडून "आई" अशी हाक आली होती. रविवारी तो अकोल्याहून एसटीने आला. त्यानंतर त्याने तिला कधी अंतर दिलं नाही.

तेरावं झाल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मिलिंद म्हणाला, "मावशी, मी तिला हाक मारली त्याआधीचे काही मुके फोन माझेच होते. नंबर मला शाळेत असतानाच डिरेक्टरीत सापडला होता. बाबांची भीती वाटायची. तिचा आवाज ऐकायचो नि ठेवून द्यायचो."

"तिला सांगितलं होतंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "तिला वाईट वाटलं असतं."

मी त्याला सांगितलं, "मुका फोन आला की त्या दिवशी ती नीट जेवायची रे."

तो तिच्या वेताच्या खुर्चीत बसला आणि हुंदके देऊन रडला. अंधारून आलं होतं. दिवा लावायला मी उठले नाही.