टोपलीच्या हॅटीतला सायेब

आमच्या गावचा शिंपी निरक्षर होता, आणि मी पाहिलेला सगळ्यात मोठा नट तोच. हे मी कुठंही सांगतो, आणि कोणी नाही म्हटलं तर भांडायचीही तयारी ठेवतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आसेगावच्या अलीकडे एका गावात मी नवाकोरा मास्तर होतो आणि नाटक लिहायची मला भारी खाज. नाटक असं, की बकऱ्यांचा एक व्यापारी उन्हापायी हॅट घालून गावात येतो. वेश पालटून तपासणीला येणारा सायेब तो हाच, असं समजून पटवारी आणि पाटील त्याच्यापुढं तूप, कोंबडे घेऊन लोटांगण घालतात. व्यापारी शिंप्यानं करायचा, पटवारी मी. मी संवाद वाचून दाखवायचो आणि त्याला एकदा ऐकलं की पाठ. मशीन चालवता चालवता असा रुबाब आणायचा, की फाटकं धोतर शिवायला आलेला माणूस हात जोडून उभा राहायचा. हॅटही त्यानंच केली, पापडाच्या टोपलीवर खाकी कापड ताणून.

संक्रांतीच्या करीला गावात कामं बंद असतात, म्हणून नाटक त्या दिवशी दुपारीच ठेवलं. तहसीलदार दौऱ्यावर आले होते, त्यांना दिवस बुडायच्या आत निघायचं होतं. दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या, झालं स्टेज! पुढं खाटेवर तहसीलदार आणि बाजूला आमच्या हलक्याचे, म्हणजे आसपासच्या चार गावांचे, खरे पटवारी. सगळ्यात मोठ्यानं तेच हसत होते. माझा पटवारी आपल्यावरच बेतलाय, हे त्या भल्या माणसाला काही केल्या कळेना.

गावकरी सायबाला नजराणे देतात तो प्रवेश चालू होता. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक म्हातारी उठली. शिवारातल्या वस्तीवरची विधवा, डोळ्यांत मोतीबिंदू. लोकांना वाटलं, नाटकातलीच बाई. दोघांनी हात देऊन वर चढवली. तिनं शिंप्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि पदराखालून एक अर्ज काढला.

"सायेब, माह्यं वावर वाचवा."

लोक खो खो हसले. बिचारी फसली, असं मला वाटलं; पण खरं सांगतो, त्याहून जास्त राग आला, की आता माझ्या नाटकाचा पार इस्कोट होणार. मी शिंप्याला डोळ्यांनी खुणावत होतो, हाकल तिला.

शिंपी हसला नाही. तिला त्यानं उठवलं, आपल्या खुर्चीवर बसवलं. अर्ज उलगडून क्षणभर पाहिला, तोही उलटा धरून, आणि माझ्यापुढं केला.

"सायेब लोक सोता वाचत नसतात. वाच बे पटवारी! मोठ्यानं!"

काय करतो? वाचू लागलो. नवरा वारून चार पेरण्या झाल्या, तरी वावर बाईच्या नावानं चढलेलं नव्हतं. पटवाऱ्याच्या घरी तूप पोचलं, कोंबडाही पोचला. नाव तेवढं चढलं नाही. आता दीर म्हणत होता, या सालापासून वावर माझं. हसणं हळूहळू थांबलं. खऱ्या पटवाऱ्यांचंही थांबलं.

"काहून चढवलं नाई?" शिंप्यानं मला दरडावलं. हे मी लिहिलेलंच नव्हतं.

"चुकलं, सायेब."

"अन् बाईच्या घरचं तूप खातानी नाई चुकलं?"

तहसीलदार खाटेवरून उठले. "तो कागद इकडे आणा," एवढंच म्हणाले.

आठवड्याच्या आत वावर म्हातारीच्या नावानं चढलं. पटवारी त्यानंतर आपले कपडे मंगरूळला शिवून घेऊ लागले. शिंप्याला त्याचं काडीचंही काही वाटलं नाही. शिक्षण माझ्यापाशी होतं, नोकरी माझ्यापाशी होती, छाती मात्र त्याची होती. धन्य तो माणूस!

पुढं एकदा ती म्हातारी चोळीचं कापड घेऊन दुकानात आलेली दिसली. शिंपी दोऱ्याला गाठी मारून तिचं माप घेत होता, लिहिता येत नसल्यानं त्याची तीच वही. मला राहवलं नाही, मास्तरकीच ती.

"आजी, त्या दिवशीचा सायेब खरा नव्हता बरं. तो हा आपला शिंपीच."

"आता व माय!" म्हातारी खुदकन हसली. "वीस वर्सं माह्या चोळ्या शिवून राह्यला तो. त्याचा आवाज मले समजत नाई का? खऱ्या सायबापाशी तीन डाव गेली, शिपायानं दारातूनच हाकललं. तुमच्या नाटकात मातर लोकायनं हात देऊन वर घेतलं."

शिंप्यानं मान वर केली नाही, पण मिशीत हसत होता.

"अन् मास्तर," ती म्हणाली, "कागद वाचतानी तुमचे हात कापून राह्यले होते. तेवढं दिसलं मले."