पोपटीतली कोंबडी

पेणच्या महादेव गद्र्यांचं जगात कोणाशी पटतं, हे अजून उघडकीस आलेलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इंटरनेटवर मराठी-इंग्रजी शब्दकोश उभारला, तोही मुख्यतः आधीचे कोशकार गाढव होते हे सिद्ध करायला. शब्द मात्र झकास जमवलेत. आपल्या चुलीवरचे, शेतावरचे, इतर कोशांच्या स्वप्नातही न आलेले.

त्यांची पुतणी हेमांगी त्यातला एकेक शब्द खुल्या ज्ञानकोशाच्या पानाला जोडत होती. परदेशातल्या माणसाने अर्थ वाचून क्लिक केलं, की चित्रासकट माहिती पुढ्यात. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आली पोपटी.

गद्र्यांच्या कोशात पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा वासाचा रानपाला कोंबून, मडकं उपडं घालून, भोवती जाळ करून शिजवलेल्या वालाच्या शेंगा. ज्ञानकोशाच्या पानावर मात्र शेंगांमध्ये कोंबडी बसलेली! त्यांनी ती खोडली. ज्ञानकोश खुला, कोणीही दुरुस्ती करावी. संध्याकाळी कोंबडी परत हजर. सकाळी हाकलली, संध्याकाळी परत. इतकी इमानी कोंबडी पेणमध्ये दुसरी नसेल.

"काका, रोज बदलणाऱ्या पानाला मी काही जोडणार नाही," हेमांगीने बजावलं. "भांडण मिटवा, नाहीतर पोपटी दुव्यावाचून राहील."

बटाट्याला दुवा आणि पोपटीला नाही? गद्रे पेटले. कोंबडी घालणाऱ्या बाईने फोटोंखाली नाव-गाव दिलंच होतं. तडक रोह्याजवळच्या त्या शेतावर पोचले. ती बाई, वैशाली, वाल तोडत होती.

"पानावर कोंबडी तुम्ही घालता?"

"व्हय. नि रोज सकाळी पळवता ते तुम्ही काय? या वयात कोंबडीचोरी, आजोबा?"

"शेंगांच्या पदार्थात कोंबडी हा भ्रष्टाचार आहे!"

"वाल आमचा, मडका आमचा, नि सोवळा तुमचा? थांबा, माझे सगळे फोटोच काढून घेते तिथून."

गद्र्यांना गुदगुल्या झाल्या. "नाही घेता येत! खुल्या परवान्याने दिलेला फोटो जगाचा होतो. नियम वाचा, बाई."

"असा हाय होय? मग त्यातली कोंबडीपण जगाचीच. तुम्ही कोण खोडणारे?"

गद्र्यांनी खिशातून फोन काढून नियम चाळायला घेतले. वैशालीने उकडलेल्या शेंगांचं ताट पुढे सरकवलं. "खावा. नुसत्या शेंगा हायत. भांडायला ताकद लागते."

त्यांनी ताट साफ केलं, शेंगा छान झाल्यात असं म्हटलं नाही आणि निघाले.

घरी येताच कोशात भर घातली : 'काही अविचारी लोक यात कोंबडीही घालतात.' संध्याकाळी ज्ञानकोशाच्या पानावर नवीन ओळ उमटली : 'काही सोवळी माणसं कोंबडी घालत नाहीत, कारण कळलेलं नाही.'

ती ओळ वाचून गद्रे दात-ओठ खात बसले, पण बोट काही खोडायच्या बटनाकडे गेलं नाही. ते जायच्या आत हेमांगीने दुवा जोडून टाकला.