तिनं ठेवलेलं खुराडं

परतवाडा, आषाढ वद्य सप्तमी, बुधवार. आठवडाभर पाऊस आहे. आज सकाळी चाकांच्या खुराड्यात सात कोंबड्या मेलेल्या सापडल्या. चार उरल्या.

मंडळींनो, आपल्या कोंबडीपालकांच्या या फिरत्या वहीत आजवर माझी पत्नी लिहीत असे. ती ज्येष्ठात वारली. म्हणून आज मी लिहीत आहे.

ती रोज खुराडं दोन हात पुढे ओढायची. पावसाळ्यात ते मुरमाड उतारावर, मागची बाजू खाली करून ठेवायची. मग पाणी आणि घाण आपोआप वाहून जायची.

ती गेली तेव्हा पाऊस नव्हता. खुराडं सपाट काळ्या जमिनीवर होतं. मी ते तिथंच राहू दिलं. पावसात चाकं रुतली, खाली पाणी साचलं आणि कामट्यांच्या तळातून वर आलं.

शेजारच्या गोदाकाकू पाहायला आल्या.

"काहून हलवलं नाही हो, गुरुजी? बाई तं रोज सरकवे."

"तिनंच तिथं ठेवलं होतं," मी म्हणालो.

"तिनं कोंबड्यायसाठी ठेवलं होतं, तुमच्यासाठी नाही."



काळ्या जमिनीतलं पाणी तुम्ही कसं काढता, ते वहीत लिहा. तिला ते ठाऊक होतं. मी कधी विचारलं नाही.

दुपारी कोंबड्या पुरल्या. खुराडं ओढत उतारावर नेलं. जुन्या जागी चाकांच्या खुणांत पाणी भरलं होतं. कुदळीनं एक चर काढला आणि ते पाणी बाहेर सोडून दिलं.