जपानी सेनापती आणि माझं मोडलेलं लग्न

माझं लग्न जमता जमता मोडलं ते हुंड्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, रंगावरूनही नाही. ते दोन जपानी पुरुषांवरून मोडलं. त्यातला एकही पुरुष अस्तित्वात नाही, हे आमच्या नातेवाइकांना अजून पटलेलं नाही.

तेव्हा मी शहाद्याहून धडगावला नोकरीला जात होते. घाटात जीप शिरली की मोबाइलची रेंज जायची, म्हणून मी एका ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिकेचे भाग घरूनच उतरवून न्यायचे. गोष्ट साधी होती. एका सेनापतीला राजाने हाकलून दिलेलं असतं आणि त्याला ठार मारायला एक सैनिक पाठवलेला असतो. सैनिक त्याला गाठतो, आणि मग हे काम रोज उद्यावर ढकलतो. सरकारी कार्यालयात नोकरी असल्यामुळे मला ते अगदी खरं वाटलं. दोघं बर्फातून चालत राहतात. फारसं बोलत नाहीत. सैनिक आपल्या वाट्याच्या भातातला अर्धा गोळा राखून ठेवतो आणि सेनापतीला म्हणतो, मला भूक नाही. हे दोघं एकमेकांचे कोण, ते मालिका सांगत नाही. जीपमध्ये चौघांच्या जागेत सहा जणांबरोबर बसून मी त्यावर पुष्कळ विचार केला होता.

त्या उन्हाळ्यात पुरुषोत्तमनगरचा एक मुलगा मला बघायला आला. साखर कारखान्यात केमिस्ट, निर्व्यसनी, उंची बरी. बायोडाट्यात छंद ‘वाचन’. माझ्याही बायोडाट्यात तोच होता. पोहे झाले, चहा झाला, आणि आधुनिक विचारांचे असल्यामुळे मोठ्यांनी आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. गच्चीत आईचे पापड वाळत होते. आम्ही त्यांच्या कडेने उभे राहिलो.

“तुम्हाला काय आवडतं?” त्याने विचारलं. हा प्रश्न तो घरून पाठ करून आला असावा. मी उत्तर देणार तेवढ्यात त्याच्या मोबाइलच्या कव्हरवर मला तो सेनापती दिसला.

“तुम्ही हे बघता?” मी जवळजवळ ओरडलेच.

त्याचा चेहरा उजळला. दोन-चार मिनिटं तरी ते स्थळ मला फार आवडलं, हे कबूल करते. मग तो म्हणाला, “काय दोस्ती आहे ना दोघांची! अगदी सख्ख्या भावांसारखी.”

“भावांसारखी?”

“तो सारखा म्हणतोच ना, मेरे भाई, मेरे भाई.”

तेव्हा मला कळलं की या गृहस्थाने सगळी मालिका हिंदीत बघितली होती. हिंदीवाल्यांना दोन पुरुष बर्फात एकमेकांकडे बघत उभे राहिलेले सोसले नसणार. त्यांनी प्रत्येक वाक्यात एक ‘भाई’ खोचून दिला होता. मी त्याला सांगितलं की मूळ जपानीत भाई कुठेही नाही. उलट तो सैनिक आधी सेनापतीच्या नावाला आदराने ‘सान’ लावतो आणि मध्यावर कधीतरी ते लावणं सोडून देतो.

“म्हणजे ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. दोस्तीत होतंच,” तो म्हणाला. “आपल्याकडे नाही का, मित्र खांद्यावर हात टाकून गावभर फिरतात?”

“ते मित्र एकमेकांसाठी उपाशी राहतात का?”

“राहतात की. उपासाला.”

यावर माझा आवाज चढला. त्याचाही चढला. नेमकं त्याच वेळी त्याची आई आम्हाला बोलवायला जिना चढत होती, आणि तिच्या कानावर माझं एकच वाक्य पडलं: “त्याचं प्रेम आहे, तुम्हाला दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या!”

बाई अर्ध्या जिन्यातून परत फिरल्या. मुलीचं दुसरीकडे आहे आणि ती तोंडावर सांगते, एवढा अर्थ त्यांनी खाली पोचेपर्यंत लावला होता. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला की पत्रिका जुळत नाही. हीच पत्रिका आदल्या आठवड्यात उत्तम जुळली होती. ग्रह फिरतात म्हणतात, ते खोटं नाही.

“कसाना बर्फ अन् कसाना सेनापती!” आई रडकुंडीला आली. “पोरगा चांगला व्हता.” आत्या मात्र निश्चिंत होती. “भांडनात म्हनजे जमनं,” ती म्हणाली. आत्याचं स्वतःचं लग्न तीस वर्षं ‘भांडले म्हणजे जमलं’ याच तत्त्वावर टिकलं आहे.

पंधरवड्याने त्या मुलाचा मेसेज आला. ‘जपानीत बघितलं. भाई खरंच नाही.’ मी विजयाच्या आनंदात चहा केला. तोवर दुसरा मेसेज: ‘पण म्हणून प्रेम सिद्ध होत नाही.’

मग वर्षभर आम्ही भांडलो. तो कारखान्यातून उसाच्या रसाची तपासणी करता करता मुद्दे पाठवायचा आणि मी घाट उतरल्यावर रेंज आली की एकेकाचा समाचार घ्यायचे. मध्येच कधीतरी मेसेजमधलं ‘तुम्ही’ जाऊन ‘तू’ आलं. ते माझ्या लक्षात आलं, पण मी त्यावर काही बोलले नाही. तेवढी अक्कल मला होती.

भांडण शेवटी मालिकेच्या अखेरच्या भागाशी येऊन पोचलं. त्यात सेनापती नावेत बसून निघून जातो. काठावरून सैनिक काहीतरी म्हणतो. ओठ हलतात, पण वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. संपलं. हा अन्याय समोरासमोर बोलण्यासारखाच होता, म्हणून आम्ही शहाद्याच्या एसटी स्टँडजवळ रसाच्या गाडीवर भेटलो. तो म्हणाला, सैनिक ‘जा’ म्हणाला. मी म्हटलं, ‘नको जाऊ’ म्हणाला. रस संपला, बर्फ चावून झाला, निकाल लागला नाही.

गावाचा निकाल मात्र मी घरी पोचायच्या आत लागला होता. आत्या ओट्यावरच बसली होती.

“मंग लगन कव्हय शे?”

“कोणाचं?”

“तो तुन्हा कोन लागस?” तिने थेट विचारलं.

मित्र म्हटलं तर ती हसली असती. कोणी नाही म्हटलं तर ते खोटं झालं असतं. “ओळखीचा,” मी म्हटलं. आत्याने मान डोलावली. तिने ‘ओळखीचा’चा काय अर्थ लावला, ते आठवडाभर गल्लीतल्या बायकांच्या नजरेतून मला कळत राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याचं लग्न ठरलं, तळोद्याच्या मुलीशी. त्याने स्वतः फोन करून सांगितलं. मी अभिनंदन केलं, ते मनापासून होतं. फोन ठेवल्यावर मी स्वतःलाच विचारलं. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं का? मी प्रामाणिकपणे शोधलं. तसं काही सापडलं नाही. पण काहीच नव्हतं, असंही सापडलं नाही.

लग्नाला मी आईबरोबर गेले. त्याच्या आईने मला पाहिलं आणि शेजारच्या पाहुणीला ओळख करून द्यायला गेल्या: “ही आमची… म्हणजे हिला आम्ही…” मग त्यांना आचाऱ्याकडे काहीतरी तातडीचं काम निघालं.

स्टेजवर गेले तर नवरीनेच माझा हात धरला. “तुम्हीच ना त्या? यांनी मला साखरपुड्यानंतर सगळे भाग बघायला लावले. म्हणाले, मत दे.”

“मग दिलं का?”

“दिलं. ते मित्र नाहीत आणि प्रेमीपण नाहीत.”

नवरदेव विजयी मुद्रेने माझ्याकडे बघायला लागला.

“ते नवरा-बायको आहेत,” ती म्हणाली. “पुष्कळ वर्षं झालेले. दिवसभर बोलत नाहीत, कुरकुर करत बरोबर चालतात, अन् जेवण तेवढं राखून ठेवतात. आमच्या आई-पप्पांचं असंच आहे.”

वर्षभर भांडून आम्हाला हे सुचलं नव्हतं, कारण दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं.

“मग तो काठावरून काय म्हणाला?” मी विचारलं.

“डबा घेतला का, असं,” नवरी म्हणाली.

मागे पाहुण्यांची रांग खोळंबली होती आणि फोटोग्राफर ‘ताई, खाली उतरा’ म्हणून ओरडत होता. पण त्या क्षणी मला ती मुलगी इतकी आवडली की मी तिथेच उभी राहून तिच्याशी भांडायला लागले.