बिनमिठाची मेथी

लसणाच्या फोडणीत मेथी पडली की तो वास मला मरोळच्या कारखान्यात नेतो. मी घरातला पहिला पदवीधर; तिथे वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात नोकरी लागली होती, आणि ती जाईल या धास्तीने मी जेवतानाही संगणकावरून नजर काढत नसे. तेव्हा आई गावाहून चारकोपच्या खोलीवर राहायला आली होती. एके दुपारी तिने दिलेला डबा उघडला, तर रिकामा. "माझा डबा कोणी खाल्ला?" मी ओरडलो. मापांचा कागद घेऊन आलेले लेथ मशीनवरचे काका हसले, "तूच रे! मघाशी आलो तेव्हा टाइप करत करत खात होतास की!" बोटांना लसणाचा वास होता, पण चव काही केल्या आठवेना. संध्याकाळी आईने विचारलं, "मेथी कशी झाली होती?" "झकास," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अरे, मी मीठ घालायलाच विसरले होते. दिवसभर चुटपुट लागली होती मला. तुला कळलंही नाही?" तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी संगणक बंद केला आणि खाली काकांच्या पंगतीत जाऊन बसलो. हात घासून धुवायचे, सगळे डबे मधे ठेवायचे, मगच पहिला घास, अशी त्यांची रीत होती. त्या अर्ध्या तासात कारखान्याचं काहीच अडलं नाही. घरी पोचल्यावर तिने विचारायच्या आतच मी म्हणालो, "आई, आज भाजी तिखट झाली होती हं." "झाली असेल," म्हणत ती इतकी खूश झाली, की आता गावी असलेल्या तिला मी अजून रोज फोनवर जेवणाची चव सांगतो.