आडवी शिडी

नकाशेमामा गावाचा नकाशा काढायला निघायचे ते भर उन्हाळ्यात, विहिरी आटल्यावर. पाण्यासाठी माणसं ज्या वाटांनी चालतात तेच खरं गाव, असं ते म्हणत. बीडच्या नगररचनेच्या कचेरीत ते आरेखक होते आणि मी त्यांच्या हाताखालची अनुरेखक. म्हणजे मामांनी गावाची आखणी करायची आणि मी त्यांच्या रेघांवर पातळ कागद ठेवून त्याच रेघा गिरवायच्या. या कामाला अक्कल लागत नसे. माझ्याकडे ती नव्हतीच, त्यामुळे नोकरी मला फार शोभायची.

दुष्काळात आम्ही आष्टीला गेलो. टँकर आला की बाया हंडे घेऊन निघत आणि मामा चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन त्यांच्या मागे. त्या जिथून वळत तिथे मामा पांढरी खूण करत. एकदा एक बाई उलटी फिरली.

"ओ सायेब, माज्या मागं मागं कावून हिंडताय?"

"आक्का, तुमी चालता तो रस्ता सरकारला दाखवायचाय."

"आदी सरकारला म्हनावं पानी दाखव!"

मामांनी डबा माझ्या हातात दिला, तिचा हंडा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि तिच्या घरापर्यंत गेले. येताना म्हणाले, "पोरी, बोळ लई अरुंद हाय. हंडा भिंतीला घासतो." दुसऱ्या दिवशी नकाशात तो बोळ रुंद झाला होता.

एका सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनला कामगारांची वसाहत आखून हवी होती. त्यांनी मामांना दुप्पट पगार देऊ केला. मामा विचारपूर्वक म्हणाले, "कारखाना हाय, पन ऊस कुठं हाय?" चेअरमन रागावले. मी त्यांच्याहून जास्त रागावले. दुप्पट पगार सोडणारा माणूस शहाणा कसा, हे मला समजेना.

सरकारी बढतीचं गणित तर त्याहून अवघड. मामांना मुख्य आरेखक करायचा हुकूम दोनदा आला होता आणि दोनदा त्यांनी नको म्हणून कळवलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ही शिडी उभी न्हाई, आडवी हाय. एक पायरी चढलं की दोनशे मैल सरकावं लागतं. तिकडं एक चूल, हितं एक चूल. पगार वाढला तरी हातात कमीच." वाढलेला पगार कमी कसा होतो? मी रात्रभर बोटांवर हिशेब केला, उत्तर आलं नाही.

एवढं मात्र कळत होतं की मामा वर गेले की त्यांची जागा मला मिळेल. आरेखकाला पाठ टेकायची खुर्ची होती, मला स्टूल. माझं लग्न ठरलं होतं, त्याच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'आरेखक' छापायचं, हेही मी मनात पक्कं केलं होतं.

तिसरा हुकूम आला, चंद्रपूरचा. माझं अक्षर चांगलं म्हणून मामांचे अर्ज मीच लिहायचे. ते म्हणाले, "लिही, नेमीसारखं. आष्टीचं काम अर्धं हाय, नको म्हनावं." मी लिहिलं, 'पदोन्नती सहर्ष स्वीकारत आहे.' कागद पुढे सरकवला. मामांनी सही केली. मी तो लगेच पाकिटात घालून चिकटवला.

ते निघाले तेव्हा एसटी स्टँडवर मी रडत सगळं कबूल केलं. मामा पेटी टपावर चढवून खाली आले.

"पोरी, सही करायच्या आदी मी कागद वाचतो."

"मग कावून केली सही?"

"नको नको म्हनायचा मलाबी कंटाळा आलता. आता मामीला सांगितलंय, ह्या पोरीनं घोटाळा केला म्हनून. तिच्यासमोर दोन-चार म्हैने जाऊ नको."

मामी पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. मामा खरं बोलले, की माझं ओझं उतरवायला तसं म्हणाले, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर चंद्रपूरहून कार्ड आलं. 'हितं पानी लई हाय. मानसं कुठूनबी चालत्यात. मला गाव दिसंनाच.'

मी नव्या खुर्चीत बसून उलट टपाली उत्तर धाडलं. त्यात एकच ओळ होती: 'मामा, आता पगार किती झाला?'